पाऱ्याचे गोळे

भिवंडीसारख्या गावी राहणाऱ्या, महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या आणि भाद्रपदात घरी गणपती बसविणाऱ्या गृहस्थाने नाताळच्या झाडावर टांगावयाचे जुने जर्मन काचेचे गोळे जमवावे, ही गोष्ट आमच्या स्नेह्यांस अद्याप नीटशी पटलेली नाही. टपालाची तिकिटे जमविणारा मनुष्य लोकांना समजतो. जुनी नाणी जमविणाऱ्याविषयी तर त्यांस थोडा आदरही वाटतो, कारण दुसरे काही नाही तरी धातूची किंमत कोठे जात नाही. काचेच्या गोळ्याचे तसे नाही. तो हातून निसटला की त्याचा इतिहास, त्याची किंमत आणि आमची त्या दिवसाची भूक ही तिन्ही एकदम नाहीशी होतात. शिवाय आमचे गाव पडले यंत्रमागांचे. शेजारच्या गल्लीत माग सुरू झाले म्हणजे आमच्या कपाटाच्या फळ्या बारीक थरथरू लागतात आणि कान देऊन ऐकल्यास आतील गोळे एकमेकांशी काही कुजबुजत आहेत असा भास होतो. "ज्या गावात भिंतीवरचे घड्याळ सरळ राहत नाही, तेथे तुम्ही काच जमविता!" असे उद्गार आमच्या सौभाग्यवतींनी एकदा काढले होते. ते येथे नमूद करून ठेवतो; त्यांस देण्याजोगे उत्तर आम्हांस आजवर सुचलेले नाही.

आजमितीस आमच्याजवळ लहानमोठे १३७ गोळे आहेत. सर्वांत लहान सुपारीएवढा, सर्वांत मोठा चांगल्या पोसलेल्या नारळाएवढा. रंग म्हणाल तर रुपेरी, सोनेरी, हिरवा, निळा, आणि क्वचित तांबडा. जुना जाड भिंतीचा गोळा हातात घेतला म्हणजे त्याचे वजन प्रथम मनात भरते. बाजारात नाताळच्या दिवसांत मिळणारा फुंकरीने उडून जाणारा गोळा तो नव्हे. त्याच्या डोक्यावर पितळेची लहानशी टोपी असते, तिजवर बहुधा फुलाच्या पाकळ्या उठविलेल्या असतात, आणि त्या टोपीतून निघालेल्या कडीने तो टांगावयाचा. जर्मन भाषेत यास 'कूगल' म्हणतात. कूगल म्हणजे नुसता गोळा. जगभरच्या संग्राहकांनी या साध्या शब्दाचे एक बिरुद करून टाकले आहे, त्यास आमचा इलाज नाही. आमच्याकडील जुन्या माणसांचा शब्द याहून रसाळ आहे. ती त्यांस 'पाऱ्याचे गोळे' म्हणत. यात पारा मुळीच नसतो हे रसायनशास्त्राचा प्राध्यापक या नात्याने सांगणे आम्हांस प्राप्त आहे. तथापि तो शब्द टाकून द्यावा असे मात्र आम्हांस कधीही वाटले नाही.

हा छंद आम्हांस लागला तो प्रयोगशाळेत. अल्डिहाइड ओळखण्याचा एक जुना प्रयोग आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया घालावा, त्यात थोडी द्राक्षशर्करा मिसळावी आणि परीक्षानळी कोमट पाण्यात धरून बसावे. प्रथम काहीच होत नाही. मग द्रावण काळवंडते, आणि विद्यार्थी आता काहीतरी बिघडले अशा समजुतीने आमच्याकडे पाहू लागतो, तोच नळीच्या आतल्या अंगास लख्ख रुप्याचा आरसा चढतो. तीस वर्षे आम्ही हा प्रयोग दाखवीत आलो. अद्याप त्या क्षणी वर्गात शांतता पसरते. (उरलेले द्रावण साठवून ठेवू नये, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो, ही सूचनाही तीस वर्षे देत आलो आहो. ती ऐकताना इतकी शांतता नसते.) सुमारे वीस वर्षांपूर्वी असाच आरसा चढलेली गोल बुडाची चंबू हातात फिरवीत एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे तर आमच्या माडीवरच्या गोळ्यांसारखं दिसतंय." त्याचे घर गावातील एका जुन्या कोकणी मुसलमान कुटुंबाचे. त्या माडीकडे आम्ही पुढे येऊच. त्या एका वाक्याने आमच्या पुढच्या वीस वर्षांतील रविवारांची विल्हेवाट लावली.

हे गोळे जेथे जन्मले ते लाउशा नावाचे गाव जर्मनीतील थुरिंगियाच्या डोंगराळ अरण्यात आहे. हान्स ग्राइनर व क्रिस्टोफ म्युलर या दोघांनी १५९७ साली तेथे काचेची भट्टी घातली. रेती हाताशी, जाळण्यास लाकूड हवे तेवढे. भट्टीला आणखी काय हवे? दोनशे वर्षे गावाने पेले, बाटल्या आणि खिडक्यांची तावदाने केली. पुढे भट्टीत सर्वांस काम पुरेना, तेव्हा लोक घरोघर दिव्याच्या ज्योतीवर काचेच्या नळ्या तापवून त्यांचे पोकळ मणी फुंकू लागले. मण्यांच्या आत चमक भरण्याची युक्ती त्यांस साधली होतीच. मोठा मणी फुंकला की गोळा होतो, इतकेच काय ते अंतर. नाताळच्या झाडासाठी निरनिराळ्या आकारांच्या सहा डझन गोळ्यांची मागणी एका कारागिराच्या वहीत १८४८ साली नोंदलेली आढळते. झाडाला सफरचंदे व अक्रोड टांगण्याची तिकडील चाल. एका गरीब फुंकणाऱ्यास फळे घेणे परवडेना म्हणून त्याने काचेची फळे केली, अशी एक गोष्ट लाउशात सांगतात. गोष्ट गोड आहे. परंतु लॉरेन प्रांतातील लोक हीच गोष्ट आपल्या गावची म्हणून सांगतात, फक्त तेथे १८५८ च्या अवर्षणात सफरचंदेच पिकली नव्हती असे कारण देतात. दोन गावांनी एकच गोष्ट आपली म्हणून सांगितली म्हणजे आम्ही ती दोन्ही ठिकाणी सावधपणे ऐकतो. त्यातील गरिबी मात्र दोन्ही ठिकाणी खरी धरावयास हरकत नाही.

आरंभीच्या गोळ्यांत शिसे, कथील अशा धातूंचा रस ओतून तो आत फिरवीत आणि उरलेला काढून घेत. त्याने काळपट, जड अशी झळाळी येई. युस्टुस फॉन लीबिख या थोर रसायनशास्त्रज्ञाने १८५६ च्या सुमारास काचेवर रुपे चढविण्याची कृती व्यवहारात उतरविली आणि आरशांच्या कारखान्यांतून पाऱ्याचे विषारी वाफारे निघून जाण्याचा मार्ग मोकळा केला. तीच कृती पुढे लाउशाच्या स्वयंपाकघरांत शिरली. आमच्या परीक्षानळीत चढतो तो आरसा आणि त्या गोळ्यात चढलेला आरसा हे एकाच कुळातले. १८६७ साली गावात गॅस आला, ज्योत हवी तशी लहानमोठी करता येऊ लागली, आणि मग पातळ भिंतीचे मोठे गोळे, साच्यात फुंकलेली फळे, पाइनची बोंडे, सुताच्या शेपटीऐवजी काचतंतूंची शेपटी लाविलेले पक्षी असा सगळा बाजार फुलला. याच गावात लुडविग म्युलर-उरी नावाच्या कारागिराने १८३५ पासून माणसांसाठी काचेचे कृत्रिम डोळे घडविण्यास प्रारंभ केला होता, हेही जाता जाता सांगून ठेवतो. गोळा आणि डोळा ही नावे आमच्या भाषेत यमकाने जुळतात, त्यांच्या गावात ती धंद्याने जुळली.

या धंद्याची जी बाजू आम्हांस सर्वांत अधिक जवळची वाटते ती नाताळाशी संबद्ध नाही. गोळा होई तो कारखान्यात नव्हे, घरात. बाप ज्योतीपुढे बसून फुंकी. आई आत रुप्याचे द्रावण घालून गोळा कोमट पाण्यात हलवी. मुले रंग देत, टोप्या बसवीत. घरातली बायामाणसे भरलेल्या उंच टोपल्या पाठीवर घेऊन झोनेबेर्ग या बाजारगावी जात आणि तेथील व्यापारी डझनाच्या भावाने माल घेत. भाव ठरविणार व्यापारी. कच्च्या मालाची उधारीही बहुधा त्याच्याच वहीत. हे वाचताना भिवंडीच्या माणसास शब्दकोशाची गरज पडत नाही. येथे सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचे, मजुरी मीटरवर, आणि कापडावर नाव आणखी तिसऱ्याचेच. आमच्या वर्गात पहिल्या बाकावर डुलक्या घेणारा मुलगा रात्रपाळीत मागावर उभा होता हे आम्हांस विचारावे लागत नाही. त्याच्या केसांत कापसाची पांढरी तूस असते. एखादा लाउशाचा शाळामास्तरही मुलांच्या बोटांवरील रुप्याचे काळे डाग पाहून असेच काही ओळखीत असला पाहिजे. सिल्व्हर नायट्रेटचा डाग कातडीवरून आठवडाभर जात नाही.

मग हा माल जगभर कसा पसरला? इंग्लंडात विक्टोरिया राणी व तिचा जर्मन पती यांचे झाडाभोवती उभे राहिलेले चित्र १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात आले आणि घरोघर झाड उभारण्याची हौस वाढली. अमेरिकेत हे काम एका दुकानदाराने केले. वूलवर्थ म्हणून एक गृहस्थ लँकेस्टर येथे स्वस्त मालाचे दुकान चालवीत. १८८० साली एका आयातदाराने त्यांच्या गळ्यात २५ डॉलरांचे जर्मन गोळे बळेच मारले. असली निरुपयोगी वस्तू कोण घेणार, अशी त्यांची खात्री होती. दोन दिवसांत सगळे संपले. पुढे हेच वूलवर्थ स्वतः जर्मनीत खरेदीस जाऊ लागले. अमेरिकेतच आणखी एक मौज झाली. झाडात काचेची एक काकडी दडवून ठेवावी, जो मूल ती प्रथम शोधील त्यास बक्षीस द्यावे, ही 'जुनी जर्मन चाल' म्हणून तेथे भक्तिभावाने पाळतात; आणि बहुतेक जर्मनांनी तिचे नावही ऐकलेले नसते. आपल्याकडेही पुष्कळशा 'प्राचीन' रूढींच्या मुळाशी एखादा चतुर दुकानदार सापडेल, अशी आमची समजूत आहे. परंतु ही वाट निसरडी आहे, म्हणून येथेच परततो.

आता प्रश्न असा की, नाताळच्या झाडावरचा गोळा आमच्या वाड्यांच्या तक्तपोशीला कसा येऊन लटकला? सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यावर मध्य युरोपातील काच मुंबईस येणे सोपे झाले. बोहेमियातील गाब्लोंझ गावाने तर हिंदुस्थानच्या मनगटाचे माप बरोबर ओळखून बांगड्यांचा केवढा थोरला व्यापार केला. पहिल्या महायुद्धापर्यंत त्या धंद्यावर ऑस्ट्रियाचीच छाप होती. बांगड्या, मणी, आरसे, हंड्या, झुंबरे यांच्या पेट्यांबरोबर गोळेही आले. ज्यांच्या घरी आले त्यांस झाड ठाऊक नव्हते, परंतु चमकणारी वस्तू उंचावर टांगावयाची एवढे कळावयास झाड कशाला लागते? जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात तख्तसिंह महाराजांच्या तख्तविलास महालात छताला असे गोळे आजही टांगलेले आहेत आणि तेथील वाटाडे ते नाताळचे गोळे म्हणून दाखवितात. आमच्याकडे महाराजे नव्हते, पण गणपतीची आरास होती, रामनवमीचा उत्सव होता, लग्नघरचा दिवाणखाना होता. हंड्या, झुंबरे आणि गोळे हे तीन शब्द जुन्या माणसांच्या तोंडी एका दमात येत. दलाल लोक यांतील प्रत्येक वस्तूस 'बेल्जम' म्हणतात. बेल्जियमने काच पुष्कळ केली हे खरे. परंतु मुंबईच्या जुन्या बाजारावर विश्वास ठेवावयाचा तर त्या देशाने दुसरे काहीच केले नाही असे मानावे लागेल.

आमच्या घराण्यात याविषयी एक हकीकत सांगतात. स्वदेशीच्या चळवळीत आमच्या पणजोबांनी विलायती साखर सोडली, विलायती धोतर सोडले आणि घरातील बायकांच्या हातांतील परदेशी बांगड्या उतरविल्या. गणपतीच्या मखरावरील सहा निळे गोळे मात्र तसेच राहिले. कोणी विचारले तेव्हा ते म्हणाले म्हणे की, ते गोळे देवाचे आहेत, त्यांस देश नाही. पणजोबांच्या या निवाड्यात तर्क थोडा आणि जिव्हाळा अधिक असे आम्हांस वाटते. त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने लोकांकडून पैसा पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना काढला. तेथे शिकून गेलेल्या माणसांनी देशात ठिकठिकाणी भट्ट्या पेटविल्या. कराडजवळ ओगल्यांचा कारखाना १९१६ साली निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडी पोचला. कंदिलाची काच आपण केली, बाटली केली, बरणी केली. निव्वळ शोभेचा गोळा करण्याची सवड त्या पिढीला नव्हती, आणि त्याबद्दल तिला कोणी दोष देणार नाही.

ती उणीव पुढे भरून निघाली, पण निराळ्या रीतीने. गेली काही दशके जुन्या कूगलांच्या हुबेहूब नकला आपल्याच देशात तयार होऊन युरोप-अमेरिकेच्या जुन्या बाजारांत जात असतात, आणि तिकडचे संग्राहक एकमेकांस त्यांविषयी सावध करीत असतात. मुंबईच्या मटण स्ट्रीटवर अशा दोनतीन नकला आमच्याही पुढे आलेल्या आहेत. आम्ही प्रथम टोपी पाहतो. जुन्या पितळेचा काळेपणा पाकळ्यांच्या खोबणीत असतो, नव्या पितळेस दिलेला काळेपणा सर्वत्र सारखा असतो. मग गोळा खिडकीकडे धरून आतल्या रुप्याकडे पाहावे. शंभर वर्षांच्या रुप्यावर कोठे ना कोठे दमटपणाचे करडे ठिपके उठलेले असतात. आमच्या कोकणपट्टीच्या हवेत तर असतातच. निष्कलंक गोळा पाहिला की आम्ही नमस्कार करून पुढे जातो. अशा वेळी दुकानदार रागावत नाहीत. त्यांस आमचे कौतुकच वाटते, आणि पुढल्या खेपेस ते आम्हांस अधिक चांगली नक्कल दाखवितात.

खुद्द लाउशाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगावयास हवे. पहिल्या महायुद्धाने गिऱ्हाईक तोडले. दुसऱ्याच्या तोंडावर अमेरिकेत दिव्याचे काचगोळे ओतणाऱ्या प्रचंड यंत्रांवर नाताळचे गोळेही निघू लागले. १९४५ नंतर गाव पूर्व जर्मनीत गेले, काही कारागीर सरहद्द ओलांडून जवळच्या नॉयश्टाटला जाऊन राहिले. तरी फुंकणारे संपले नाहीत. २०२१ साली जर्मनीने या हस्तकौशल्याची आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. आज जगातील बहुतेक नाताळचे सामान चीनमधील यिवू या शहरातून निघते, न फुटणाऱ्या प्लास्टिकचे असते, आणि त्यांतील काही खोकी आमच्या भिवंडीच्या अवाढव्य गोदामांत येऊन पडतात. त्या माडीचा उल्लेख केलेला आमचा विद्यार्थी सध्या अशाच एका गोदामावर व्यवस्थापक आहे.

त्या माडीवर आम्ही प्रथम गेलो तेव्हा लाकडी तक्तपोशीच्या कड्यांना आठ गोळे आणि मधोमध एक हिरव्या काचेचा द्राक्षांचा घड टांगलेला होता. पुस्तकांत चित्र पाहून आम्ही ज्याची आशा सोडली होती तो घड आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. घरच्या दादींनी सांगितले की, त्यांच्या सासूबाईंच्या लग्नात ते मुंबईहून आणले. त्यांच्या हकीकतीत आणखी एक तपशील होता. १९८४ च्या मे महिन्यात गावात दंगल पेटली तेव्हा घर सोडून नातेवाइकांकडे जाण्याची वेळ आली. थोरल्या मुलाने कागदपत्रे घेतली, सुनांनी डाग घेतले, आणि दादींनी स्टुलावर चढून एकेक गोळा उतरविला व तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवला. तीन आठवड्यांनी मंडळी परतली. समोरच्या बाजूची दुकाने राहिली नव्हती. घर उभे होते. पुढले दोन महिने घरात भात शिजे तेव्हा आधी चाळणीने तांदूळ पाहत, न जाणो एखादी टोपी त्यात राहिली असेल. हे सांगताना दादी हसत होत्या. आम्हांस हसता आले नाही.

पुढे दहाबारा वर्षांनी ते घर पाडून तेथे इमारत उठावयाची ठरले. मुंबईच्या एका दलालाने नवांचे एकरकमी मोल देऊ केले होते आणि नव्या जागेच्या खर्चासाठी घरच्या मंडळींना पैसा हवा होता. विद्यार्थ्याने आम्हांस विचारले. येथे संग्राहकाची खरी परीक्षा होते. कारण दलालाने सांगितलेली रक्कम हसण्यावारी नेण्याजोगी होती आणि आमच्यावाचून हे त्या घरी कोणास ठाऊक नव्हते. आम्ही जे होते ते सांगितले. एकट्या घडाची किंमत दलालाच्या सगळ्या रकमेहून अधिक होती. मग दादींनी आम्हांस एकच प्रश्न केला.

"सर, तुम्ही हे लावणार कुठं?"

आम्ही म्हणालो, लावणार नाही. कापसात गुंडाळून, चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवू.

"तांदळातच ठेवायचे, तर आमचा तांदूळ काय वाईट होता?"

संग्रहालयांविषयी आम्ही पुष्कळ वाचले आहे. पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, वज्री अशा घरगुती वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि बालपणीच वारलेल्या आपल्या राजाच्या नावाने त्यांचे संग्रहालय उभारले, ते आम्हांस देवळासारखे वाटते. ती वस्तू त्यांनी उचलली नसती तर मोडीत गेली असती, हे त्यांचे पुण्य. परंतु येथे दादींची वस्तू मोडीत निघाली नव्हती. ती घराच्या छताला टांगलेली होती. छतच जाणार होते. अखेरीस जे ठरले ते दादींनी ठरविले. आम्ही योग्य ती किंमत तीन हप्त्यांत द्यावी. गोळे आमच्या कपाटात राहावेत. आणि त्या घरी लग्न निघेल तेव्हा नऊही गोळे परत नेऊन दिवाणखान्यात लावावेत, मंडप उतरला की पुन्हा घेऊन जावेत. कागद झाला नाही. सौभाग्यवतींना हा सौदा फार आवडला. पैसे द्यावयाचे, माल दुसऱ्याच्या घरी लावावयाचा आणि राखण आपण करावयाची, याहून आमच्या स्वभावास साजेसा व्यवहार शोधून सापडला नसता, असे त्यांचे मत पडले.

आजवर तीन लग्ने झाली. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कापूस घालून, रिक्षा पावलापावलाने हाकावयास लावून आम्ही स्वतः गोळे पोचवितो. नव्या इमारतीचे छत सिमेंटचे आणि बुटके. कड्या नाहीत, खिळा धरत नाही, म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत तार ओढून गोळे लावावे लागतात. उंच माणसाच्या डोक्याला ते लागतात आणि तो मागे वळून 'माफ करा' म्हणतो. दुसऱ्या लग्नापर्यंत दादी होत्या. तिसऱ्या वेळी त्या नव्हत्या, आणि त्याच लग्नात दिवाबत्तीवाल्याच्या शिडीचा धक्का लागून एक तांबडा गोळा खाली आला.

क्षणभर सर्व स्तब्ध झाले. मग नवऱ्या मुलाच्या आईने केरसुणी मागितली आणि आम्ही तुकडे मागितले. ते रुमालात बांधून आम्ही दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेले. त्या गोळ्याच्या आत शिसे आहे की रुपे, हा प्रश्न आम्हांस कितीतरी वर्षे पडला होता आणि गोळा शाबूत असेतो त्यास उत्तर नव्हते. वर्गापुढेच एक तुकडा विरल नायट्रिक आम्लात टाकला. झळाळी विरघळून नुसती तांबडी काच उरली. त्या द्रावणात मिठाचे पाणी घालताच दह्यासारखा पांढरा साका बसला. साका शिशाचाही पांढराच बसतो, म्हणून त्यावर अमोनिया ओतला. सगळे निवळले. रुपेच होते. म्हणजे लीबिखची कृती घरोघर गेल्यानंतरचा तो गोळा. सासूबाईंच्या लग्नाच्या हिशेबाशी हे बरोबर जुळते. मागल्या बाकावरून एकाने विचारले की, सर, आता बाकीच्या आठांचे काय? आम्ही म्हणालो, त्यांचे आम्हांस कळले नाही तरी चालेल.

येत्या हिवाळ्यात त्या घरच्या धाकट्या नातीचे लग्न ठरले आहे. सात गोळे व घड जावयाचे. या खेपेस तार आदल्या दिवशीच ओढून ठेवावी आणि शिडीवाल्यांचे काम संपल्यावर गोळे लावावेत असे आम्ही सुचविले आहे, व ते मान्य झाले आहे. घडाच्या टोपीतील कडी झिजली आहे; कासार आळीत तांब्याची बारीक तार मिळते, ती या आठवड्यात आणावयास हवी.